जबड्यात तुटलेला तुकडा

कन्हानजवळच्या एका कारखान्यात नत्थूजी पोलाद तोडायचे. यंत्राच्या दोन जबड्यांत पोलादाचा तुकडा धरायचा, ओढत न्यायचा आणि किती ताणावर तुटला ते वहीत लिहायचं, हे एकवीस वर्षं त्यांचं काम. घराणं उमरेडच्या कोष्ट्यांचं. बाप सूत बोटांत ताणून पारखायचा. मुलाच्या वाट्याला लोखंड आलं एवढंच.

१९८३ साली कारखान्यात संगणक आला. कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याखालचा आधार किती भार झेलेल, याचं गणित शरच्चंद्र नावाचा तरुण इंजिनियर त्यावर मांडू लागला. पण आपल्या पोलादाचे खरे आकडे कुठे मिळेनात. विलायती पुस्तकातले होते, ते तिकडच्या पोलादाचे. शेवटी तो नत्थूजींकडे आला.

"तुम्ही लिहाल ते मी डोळे मिटून घेणार."

"उघडेच ठेवा जी साहेब. मशीन म्हातारी होऊन राहिली, अन् मी बी."

तीन तुकडे ओढले. दोन बेचाळिसाच्या वर गेले. तिसरा एकतिसावरच तुटला. जबड्यात तुटलेला तुकडा मोजायचा नाही, असा नियम. दातांनी चावून तो आधीच कमजोर झालेला असतो. हा मात्र जबड्यापासून चांगला दोन बोटं लांब तुटला होता. मोजायचा, तर त्या मालाचे नवे तुकडे कातून घेऊन सगळं पुन्हा करणं आलं, म्हणजे तीन दिवस. बायको गोदूबाई शहरात, रामदासपेठेतल्या दवाखान्यात, ऑपरेशन झालेली. भेटायची वेळ चारची. नत्थूजींनी 'जबड्यात तुटला' असं लिहिलं आणि बस गाठली.

अकरा महिन्यांनी आधार कोसळला. दोन मजूर गेले. गणित चुकलं असं चौकशीत ठरलं आणि शरच्चंद्रची नोकरी गेली. नत्थूजी गप्प राहिले. तीन महिने.

"काहून जेवून नाही राहिले?" गोदूबाईनं एकदा ताटावरच धरलं. सगळं ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाली, "त्या पोराले जाऊन सांगा."

शरच्चंद्रच्या खोलीत जमिनीवर कागदच कागद होते.

"बसा नत्थूजी. चूक सापडतच नाही हो. तुमचे आकडे सोडून सगळं चारदा तपासलं."

नत्थूजींनी उभ्यानंच सांगितलं. तुकडा, दवाखाना, चारची भेट.

"कितीवर तुटला होता?"

"एकतीस पॉइंट चार."

त्यानं पेन्सिल घेतली. बराच वेळ हातानं आकडेमोड केली, मग कागद पुढे सरकवला. "कोसळतो," तो म्हणाला. "म्हणजे माझं गणित बरोबर होतं." हसायला गेला, ते जमलं नाही.

"उद्याच साहेबाले लिहून देतो जी. मले काढलं तरी चालंन."

शरच्चंद्रनं मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. तो अंगावर येईल, शिव्या देईल, अशी तयारी करूनच नत्थूजी आले होते.

"वहिनी बऱ्या आहेत ना आता?" त्यानं विचारलं.

नत्थूजी कागद बाजूला सारून खाली बसले.