नंदूचा डावा हात

केतकी, सलील —

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुमच्या आजोबांनाही नाही, आणि ते तर माझ्याकडून घरातली प्रत्येक गोष्ट ऐकून घ्यायचे. आज सकाळी पहिल्यांदा बोलले, आणि तेव्हापासून बसवत नाही, उठवत नाही. सगळं एका दमात लिहून टाकावंसं वाटतंय.

परवा केतकीने फोनवर तिचं पिल्लू दाखवलं. काचेच्या पेटीत, डोक्यावर लोकरीची टोपी, नाकात नळी. आणि मूठ — केवढीशी ती मूठ, पण कशी उगारलेली! मी पणजी झाले. या घरात कधी दूध उतू जात नाही, ते दोनदा गेलं. व्हिसा आलाच आहे. अळीव आणले, डिंक आणला, बॅग पलंगावर उघडी पसरली. कारण केतकी म्हणाली होती, "आजी, तूच ये. सातमाशी बाळ एकटीने वाढवलेलं आपल्यात दुसरं कोण आहे?"

आणि त्याच फोनवर तिने हसत सांगितलं, की तिथली नर्स भलतेच प्रश्न विचारते. बाळाचं रडणं थांबेना आणि तुमचा राग अनावर झाला, तर काय कराल? लवकर जन्मलेल्या, कमी वजनाच्या मुलांना पुढे घरच्यांच्याच हातून इजा व्हायचा धोका जरा जास्त असतो, म्हणून ते सगळ्याच आईबापांना विचारतात म्हणे. सलीलही फोनवर होता. तो म्हणाला, "आजीचा फोटो दाखव तिला. जन्मात आवाज चढवला नाही हिने." तुम्ही हसलात. मीही हसले.

फोन ठेवला आणि मला एका जागी बसवेना. भीतीने? नाही रे. कसं सांगू — इतक्या वर्षांनी कुणीतरी नेमकं ते विचारलं होतं. मला नाही, पण विचारलं होतं. असा प्रश्न असू शकतो, तो एका आईला सरळ तोंडावर विचारता येतो — हे मला माहीतच नव्हतं. मी घरभर फिरत राहिले. पुन्हा पुन्हा तेच वाक्य मनात म्हणत राहिले.

तुमची आई, नंदू, सातव्या महिन्यात झाली. तिला दवाखान्यात ठेवून मी रिकाम्या हातांनी घरी आले होते. बाराव्या दिवशी बारसं नाही, पाळणा नाही. घरी आणली तरी तिला ओढून प्यायची ताकद नव्हती. बोंडल्याने थेंब थेंब दूध घालायचं, अर्धं ओघळायचं, की पुन्हा सुरुवात. आजोबा कळवणला बदलीवर होते, शनिवारी यायचे. मी इंग्रजीची शिक्षिका. माझं सगळं घड्याळावर. नंदूला तेवढं घड्याळ कळायचं नाही.

आणि येणारी प्रत्येक बाई आधी मुलीच्या दंडाला चिमटीत धरून बघायची. आपल्याकडे बाळाचं बाळसं म्हणजे आईचा निकाल, नाही का? तुमच्या आजोबांची बहीण, शकूवन्सं, मनमाडहून यायच्या आणि दारातच म्हणायच्या, "वैनी, पोरगी हाय का काडी? लय बारीक गं. काय खाऊ घालते का नुसती इंग्रजी पाजते?" सगळे हसायचे. त्यांच्या मनात काही नसायचं. पण माझ्या डोक्यात एकच — पुढच्या वेळी त्या येतील तेव्हा ही भरलेली दिसली पाहिजे.

नंदू चार वर्षांची झाली तरी घास गालात धरून बसायची. गिळायची नाही, टाकायची नाही. गाल फुगवून माझ्याकडे बघत राहायची. मी गाल दाबायचे. नाक धरायचे. कधी चिमटा — फ्रॉकच्या बाहीखाली, दिसणार नाही असा. हेही सांगायला हवं ना? तो दिवस एकटा नव्हता. त्याच्या आधीचे कितीतरी दिवस होते.

त्या दुपारी वन्सं येणार होत्या. मी नंदूला नवा फ्रॉक घातला होता आणि गॅलरीतल्या झोपाळ्याशेजारी जमिनीवर बसवून नाचणीची खीर भरवत होते. वाटी संपत आली होती. आणि तिने गालातलं सगळं फ्रॉकवर थुंकलं. मी तिचा डावा हात धरला आणि तिला वर ओढलं — उभी करायला नाही, दुखावं म्हणून. पाय सुटले जमिनीवरून. पिळलासुद्धा हात. आवाज आला. बारीक काटकी मोडावी तसा.

ती लगेच रडलीसुद्धा नाही. माझ्याकडे बघितलं फक्त.

तेवढ्यात वन्संची रिक्षा खाली थांबली. जिन्यावर त्यांची पावलं वाजेपर्यंत माझं वाक्य तयार होतं — स्वच्छ, व्याकरणशुद्ध. झोपाळ्यावरून पडली. डॉक्टरांना तेच सांगितलं. शनिवारी आजोबांना तेच. आणि प्लास्टरमधल्या पोरीला वन्सं म्हणाल्या, "काय गं माकडे, झोपाळ्यावर उड्या मारते व्हय?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सांग आत्याला, पुन्हा नाही मारणार उड्या." आणि तिने सांगितलं.

तेव्हापासून ती माकड. तुम्हीही तिला चिडवलंत — आई माकड, झोपाळ्यावरून पडली, हात वाकडाच राहिला. तीच गोष्ट तुम्ही झोपताना माझ्याकडे मागायचात, आणि मी सांगायचे. उड्या, दोरी, धप्प. किती रंगवून सांगायचे.

थकले होते, एकटी होते, मला कुणी काही विचारलं नाही — हे सगळं खरं आहे. पण त्या दवाखान्यात पेटीतल्या बाळांपाशी बसलेल्या बायका माझ्याहून थकलेल्या होत्या. त्यांच्यातल्या बहुतेकींनी कधी हात उगारला नसेल. मग?

आज सकाळी नंदू आली, माझी बॅग भरायला. मी म्हटलं, आधी बस. आणि सांगितलं. मला वाटलं होतं रडेन. उलट शब्द धावत होते, मला आवरत नव्हते. तिने कप खाली ठेवला.

"म्हणजे ते खरं होतं," ती म्हणाली. "मला तुझा हात आठवायचा, आई. मला वाटायचं, मीच मनानं रचलंय. आपल्याच आईबद्दल आपल्याला असलं काही सुचतं, म्हणून माझी मलाच लाज वाटायची."

मी काहीतरी बोलायला गेले. ती म्हणाली, "नको. पोरांना तूच सांग." कप विसळून पालथा ठेवला आणि गेली. बॅग तशीच आहे. पिल्लाजवळ मी असावं की नसावं हे केतकी ठरवेल, आणि जे ठरवेल ते बरोबर असेल.

मी रंगवून सांगितलेली गोष्ट खोटी होती. खरी एवढीच आहे: नंदू चार वर्षांची होती. तिने घास थुंकला. तिच्या आईने तिचा हात मोडला, आणि पडले मीच, असं तिच्याकडून वदवून घेतलं.