चौकटीतले आण्णासाहेब

हसणाऱ्या लोकांचा बब्रुवान गवंड्याला कधी राग आला नव्हता. दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती बांधायच्या आणि जयंतीला वस्तीच्या मांडवात लाकडी चौकटीत बसून बातम्या द्यायच्या, हा त्याचा नेम. लोहाऱ्यात कुणाच्या तरी घरचा टीव्ही खिडकीतून बघून आला आणि त्यानं ही चौकट ठोकली. तंबाखूच्या डब्यांच्या झाकणांची बटणं केली, मागं चादर टांगली. "लोहाऱ्याची एसटी आज येळंवर आली. चौकशी चालू हाय," असं तो सुतकी चेहऱ्यानं सांगायचा आणि वस्ती पोट धरून हसायची.

त्या वर्षी जयंतीला पाहुणे होते आण्णासाहेब. रझाकारांच्या काळात तुरुंगात गेलेले, मग आमदार, मग साखर कारखान्याचे चेअरमन. जिल्ह्यात त्यांच्या शब्दाला मान. प्रत्येक भाषणात म्हातारा सांगायचा, बहात्तरच्या दुष्काळात मी तुम्हाला जगवलं. जगवलं म्हणे! त्या दुष्काळात सरकारी कामावर गावासाठी विहीर खणली ती या वस्तीनं. पाट्या वाहून वाहून बब्रुवानची आई हरणाबाई कमरेत वाकली ती पुन्हा सरळ झाली नाही. विहिरीचं दगडी बांधकाम बब्रुवाननं स्वतः केलं. पाणी लागलं आणि बघता बघता विहिरीभोवती काटेरी तार आली, फाटक आलं, फाटकावर वीरप्पा राखणदार आला. पाणी आण्णासाहेबांच्या उसाला जाऊ लागलं. आता पुन्हा दुष्काळ पडला होता. बायका ओढ्यात खड्डे खणून वाटी वाटीनं घागर भरत होत्या, आणि पाचशे पावलांवर ऊस हिरवागार डोलत होता.

"म्हाताऱ्याला चौकटीत बसवा," बायकोनं, कस्तुराबाईनं, सकाळीच बजावलं होतं. "अन् एकच इचारा. इहीर कुणाची?"

आण्णासाहेब हौसेनं चौकटीत बसले. टोपी नीट केली, झाकणाचं बटण पिरगाळून "आवाज येतो का?" असं विचारलं आणि पहिल्याच फटक्यात सगळ्यांना खिशात घातलं. बब्रुवाननं तुरुंगाचं विचारलं. "तिथली भाकरी करपलेली असायची, घरच्यासारखीच," म्हातारा म्हणाला. हशा. मग बब्रुवाननं घसा खाकरला.

"आण्णासाहेब, बहात्तरला खणलेली ती इहीर कुणाची?"

म्हाताऱ्यानं डोळा मिचकावला.

"अरं, इहीर माझी कुठली? आमच्या घरात अंगातला सदरा सुदीक माझा न्हाय. सगळं आमच्या कारभारणीचं!"

मांडव फुटायची वेळ आली. म्हातारी माणसं डोळे पुसत हसली, पोरंटोरं लोळली. लाजिरवाणी गोष्ट म्हणजे बब्रुवानलाही हसू फुटलं. विनोद चांगला होता ना! सवाल हशात बुडाला, हार पडले, जीप गेली. "काय दिलदार माणूस!" असं म्हणत जो तो घरी निघाला. दिलदार! वस्तीच्या हक्काचं पाणी दहा वर्षं पिऊन बसलेला माणूस एका विनोदावर दिलदार ठरला, आणि चौकट बब्रुवानची होती. त्याला स्वतःची शिसारी आली.

"म्या त्याला धुऊन पुसून लख्ख करून दिला," तो घरी आल्यावर म्हणाला.

कस्तुराबाई हसलीच नव्हती. "पर तो बोलला काय? इहीर माझी न्हाय, असंच ना?"

"गंमत केली त्यानं."

"केली आसंल. म्या इहिरीचं इचारलं हुतं, गंमतीचं न्हाय."

सकाळी ती घागर घेऊन फाटकावर उभी. मागं वस्तीच्या साऱ्या बायका, आणि काठी टेकत हरणाबाई. वीरप्पा आडवा आला. "कुणी सांगितलं?"

"आण्णासाहेबांनी. साऱ्या गावासमोर म्हणले, इहीर माझी न्हाय."

"आवो बाई, ती गंमत!"

"मग बोलवा त्यांना. साऱ्या गावासमोर म्हणू द्या, माझी हाय म्हणून."

वीरप्पानं सायकलीवर टांग टाकली. तेवढ्यात बब्रुवान चौकट खांद्यावर घेऊन आला आणि ती फाटकासमोर उभी करून त्यानं तिच्यामागं स्टूल ठेवलं. गाव गोळा झालं. बांधावर, झाडावर, जिथं जागा मिळेल तिथं माणसं.

जीप आली. आण्णासाहेबांनी चौकट पाहिली आणि ते सवयीनं हसले. कुणीच साथ दिली नाही.

"बसा आण्णासाहेब," बब्रुवान म्हणाला. "कालचाच सवाल हाय. इहीर कुणाची?"

म्हाताऱ्यानं बांधावरची माणसं पाहिली. माझी म्हणावं तर कालचे हार गळ्याशी येत होते, नाही म्हणावं तर ऊस हातचा जात होता.

"मालक, हुकूम काय?" वीरप्पानं विचारलं.

आण्णासाहेबांनी ड्रायव्हरला नुसता हात केला. जीप मागं वळली आणि धुरळा उडवत निघून गेली. वीरप्पानं कुणाकडंही न बघता कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

हरणाबाईला कमी ऐकू यायचं. ती सुनेला म्हणाली, "काय म्हणले ते? कुणाची?"

"काईच म्हणले न्हाईत, आत्याबाई."

"मग वढा की पाणी," म्हातारी म्हणाली.