टोपलीकडं बघायचं नाही

तमाम जनतेस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, पडेगावात, आमच्या स्वयंपाकघरातल्या चटईवर, हवाई दलाची एक कवायत वरिष्ठांच्या परवानगीशिवाय पार पडली. विमान उपलब्ध नव्हतं. ज्वारीच्या कण्या आणि ताक होतं.

तेव्हा मी उत्तरेकडच्या एका तळावर शिकवत असे. मालवाहू विमानांची आणि उडत्या विमानाला हवेतच इंधन पाजणाऱ्या टँकरची माणसं आमच्या तुकडीत तयार होत. टँकर मागं लांब नळी सोडतो. तिच्या टोकाला टोपलीसारखी जाळी असते. मागून येणाऱ्या विमानानं आपली सोंड त्या टोपलीत घालायची. टोपली वाऱ्यानं डुलते. नवा वैमानिक तिचा पाठलाग करतो आणि ती हमखास हुकते. म्हणून पहिला धडा असा की टोपलीकडं बघायचं नाही, टँकरकडं बघायचं. टँकरवाल्यांचा धडा त्याहून अवघड. त्यांनी काहीच करायचं नाही. सरळ, एका गतीनं उडत राहायचं आणि मदतीचा मोह आवरायचा.

वडलांना, म्हणजे आमच्या दादांना, ही नोकरी वाटायचीच नाही. गावी, देवगाव रंगारीला, पारावर ते सांगत, "पोरगं आभाळात पेट्रोल पंपावर हाय."

मग त्यांना कंप सुटला. आधी हात, मग मान. शेत वाट्यानं देऊन आईबरोबर ते पडेगावच्या घरी राहायला आले. एकदा जावयासमोर वरण सदऱ्यावर सांडलं, आईनं ते पदरानं पुसलं आणि त्या दिवसापासून भूकच नाय म्हणू लागले. मी रजेवर आलो तेव्हा त्यांच्या दंडाची कातडी लोंबत होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. दादांनी भिंतीकडं तोंड केलं.

आई चमचा घेऊन त्यांच्या तोंडामागं धावायची. तोंड डावीकडं गेलं की चमचा डावीकडं, तोवर तोंड उजवीकडं. अर्धं हनुवटीवर. ती पदरानं पुसायची आणि तिथंच त्यांचे ओठ मिटायचे. सांडणं चालत होतं त्यांना, पुसून घेणं नाही.

शेजारचे चाचा, जुने शिंपी आणि दादांचे पत्त्यातले भिडू, दारात उभे राहून बघत होते. मला म्हणाले, "क्या मियाँ, हवा में जहाजों को पिलाते तुम, और घर में अब्बा भूके?"

मी आईच्या हातून चमचा घेतला. दादांसमोर मांडी घातली, कोपर गुडघ्यावर टेकवलं आणि चमचा त्यांच्या ओठांपासून वीतभर अलीकडं धरून थांबलो.

"घाल की तोंडात," आई म्हणाली.

"नाय. त्यांनी यायचं."

"आजारी माणसाला दमवतो व्हय रे?"

"दादा, चमच्याकडं बघू नका. माझ्याकडं बघा."

किती दिवसांनी त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. मान हलत होती, नजर मात्र खिळली. मी तळावरचा आवाज काढला, तो कधी चढत नाही. "थोडं पुढं. अजून. घाई नाय."

चमचा गालाला लागला. कण्या सांडल्या. आईचा पदर पुढं आला, मी नुसत्या नजरेनं अडवला.

"हुकलं तर हुकलं. मागं या. परत."

आमच्यात हुकण्याची लाज नसते, मागं येऊन पुन्हा लागायचं असतं. पण हात पुढं सरकवायची जी उबळ आली, ती मला आभाळात कधी आली नव्हती. इंचभर सरकवला असता तर काम झालं असतं. आणि ते माझं झालं असतं, त्यांचं नाही.

पुन्हा आले. या खेपेला ओठ चमच्यावर मिटले.

पुढचे घास दादांनी माझ्या आवाजाशिवाय घेतले. वाटीचा तळ दिसला तेव्हा मी, खोड जात नाही म्हणून, अगदी अदबीनं विचारलं, "मग दादा, त्या नळीचं डॉक्टरला काय कळवू?"

दादांनी थरथरत्या बाहीनं आपली हनुवटी आपणच पुसली.

"नळी तुझ्या इमानाला लाव," ते म्हणाले. "मला आणिक कण्या वाढ."