कालियाची झोपायची जागा

अपाकुकी मामा घड्याळ वापरत नाही. त्याची वेळ माशांवर चालते. उन्हं कलली की रंगीत मासे खडकातल्या आपापल्या फटीत शिरतात, मग थोडा वेळ पाणी ओसाड पडतं, आणि मग मोठ्या डोळ्यांचे लाल मासे पोटापाण्याला बाहेर निघतात. "दिवसवाले घरी गेले," असं मामानं म्हटलं की मामी कसाव्याचे कंद उकडायला टाकते. मी त्याच्या बहिणीची मुलगी, त्यामुळे त्याची चेष्टा करायचा हक्क माझाच.

आमचं घराणं राटूंच्या, म्हणजे गावच्या सरदारांच्या कोळ्यांचं. त्यांच्याकडे लग्न असो की मयत, मासे आम्हीच आणायचे. त्या वेळी घराण्यातल्या थोरल्यानं पहिला भाला मारल्याशिवाय दुसऱ्या कुणी पाण्यात उतरायचं नाही. सध्या थोरला मामा. मान मोठा आहे, पण नको म्हणायची सोय त्यात नाही.

गेल्या साली म्हातारे राटू वारले. रिवाजाप्रमाणे गावासमोरचा पोवळ्यांचा खडक मासेमारीला बंद झाला. शंभराव्या रात्रीच्या जेवणापर्यंत तिथे कुणी गळसुद्धा टाकायचा नाही, आणि राखण मामाकडे. एका संध्याकाळी तो ओल्या लुंगीनं धापा टाकत माझ्या दारात आला.

"लिटिया, कालिया आलेत."

"कोण आलेत?"

"कालिया. मासे गं."

कालिया मी फक्त ऐकून होते. कपाळावर टेंगूळ, माणसाच्या कमरेला लागेल एवढा, पोवळी कडाकडा चावून खाणारा. दिवसभर कळपानं हिंडतो आणि अंधारायच्या आत रोज त्याच जागी येऊन झोपतो, इतका गाढ की जवळ गेलं तरी हलत नाही. ही सवयच त्याला भोवली. सुवा शहरातून बोटीनं पाण्यात चालणाऱ्या बॅटऱ्या यायला लागल्या, रात्री झोपेतच त्याला भाले बसायला लागले आणि आमच्या बेटाभोवतीचा कालिया संपला. तेव्हा मामा पोरगा होता. आता खडकावर माणसांची वर्दळ थांबली, तर एक लहानसा कळप परत आला होता आणि वाळूच्या एका खळग्यात रोज झोपायला उतरत होता.

मामाचा आनंद चार दिवस टिकला. मग त्याच्या लक्षात आलं, की शंभराव्या रात्री पहिला भाला घेऊन त्यालाच उतरायचंय, आणि मागून सगळा गाव बॅटऱ्या घेऊन येणार.

"लोकांना दुसरीकडे ने मग," मी म्हटलं.

"खडक केवढा, लिटिया? परसाएवढा. लपवू कुठे त्यांना?"

"नव्या राटूंना सांग."

"काय सांगू? तुमच्या भावाच्या जेवणाला लायक मासा आहे, पण मी देत नाही?"

 

मग त्यानं एक वेडेपणा आरंभला. रोज तिन्हीसांजेला होडी खळग्यावर न्यायची आणि वल्ह्यानं पाणी बडवायचं, म्हणजे कालिया बिचकून पलीकडच्या खोल पाण्यात झोपायला जातील. एकदा मी बरोबर गेले. कळप आला, मामानं पाणी धोपटलं, कळप उधळला, लांबवर जाऊन वळला आणि परत आला. पुन्हा धोपटलं, पुन्हा तेच. उजेड उतरत गेला तसं त्यांचं बिचकणंही उतरत गेलं. शेवटी वरून वल्हं आदळत असतानाच ते खाली गेले आणि एकेक करून वाळूवर टेकले. पेंगुळलेलं पोर धपाटा खाऊनही आईच्याच मांडीवर येतं, तसं.

"अरे बाबांनो, एक रात्र तरी दुसरीकडे जा रे," मामा पाण्याला म्हणाला. मला रडू आलं आणि रागही आला. माशांचा, मामाचा की आमच्या रिवाजाचा, ते अजून कळलेलं नाही.

गावाला आयती करमणूक झाली. "अपाकुकी समुद्राला शिस्त लावतोय." "बायको ऐकत नाही, म्हणून पाण्याला बडवतो." मामाचा मुलगा वायसाके तेवढा हसत नव्हता. बाप रोज एकाच जागी का जातो, हे बघायला एका संध्याकाळी तो गुपचूप मागून पोहत गेला. घरी आला तो तोंडभर हसत.

"बाबा, कळप हाकून हाकून त्या खळग्यात बसवतोयस होय? राटूंच्या जेवणासाठी? मला वाटलं तुझं डोकं फिरलं. मानलं तुला."

मामानं वल्हं भिंतीला टेकवून ठेवलं. पोराच्या डोळ्यांत बापाबद्दल एवढा अभिमान मीही कधी पाहिला नव्हता. शिवाय वायसाकेच्या पोटात काही राहत नाही, याकोना, म्हणजे आमचं मुळीचं पेय, प्यायला बसलेल्या सगळ्यांना तो वाटेतच सांगून आला होता. दुसऱ्या दिवशी टवाळ्या करणारेच मामाची पाठ थोपटायला आले. राटूंनी निरोप धाडला, की भावाच्या नावाला शोभेल असं काम केलंस.

शंभराव्या रात्री मामानं पहिला भाला मारला. सकाळी किनाऱ्यावर हिरवेनिळे कालिया ओळीनं पडले होते आणि बायका गात होत्या. मीही गायले. जेवताना मामाच्या पुढ्यात कालियाचं मानाचं डोकं वाढलं. सगळे बघत होते, म्हणून त्यानं ते खाल्लं.

त्याच दुपारी तो राटूंकडे गेला आणि खडक पुन्हा बंद करा म्हणाला. राटू भला माणूस. "अपाकुकी, खडक राटू मेल्यावर बंद होतो. मी तर धडधाकट आहे. मारतोस का मला?" सगळे हसले. मामाही हसला.

तिन्हीसांजेला तो घरी दिसेना, तेव्हा मी ओहोटीच्या पाण्यातून चालत खडकाच्या काठापर्यंत गेले. होडी खळग्यावर उभी होती. खाली वाचलेले तीन कालिया उतरत होते. एकाच्या पाठीवर भाल्याची जखम होती, मांस दिसत होतं. तरी आला होता.

"मामा, पाणी बडव," मी म्हटलं.

"नाही जात गं ते."

"मग आता?"

त्यानं होडी जराशी सरकवून आडोशासारखी बरोबर त्यांच्या डोक्यावर आणली आणि वल्हं मांडीवर घेऊन बसून राहिला. किनाऱ्यावर बॅटऱ्या लागल्या. खडक आता सगळ्यांना खुला होता, अडवायचं कुणी आणि कशाच्या जोरावर? बॅटऱ्या खडकभर इकडेतिकडे फिरल्या. मग एकीच्या उजेडात मामा सापडला आणि बाकीच्या सगळ्या तिकडेच वळल्या.

"बाबा, उरलेले तिथेच आहेत ना?" वायसाके खुशीत ओरडला. "हलू नकोस, आम्ही आलोच."