पहिल्या झटक्याचं इंजिन

माझ्या दूरदेशीच्या नातवंडांनो,

आजीच्या टेबलावर कागदांवर ठेवलेला तो राखाडी धातूचा ठोकळा कसला, असं तुम्ही रविवारी फोनवर विचारलंत. तो बोटीच्या इंजिनाचा कार्ब्युरेटर आहे. त्याची हकिकत फोनवर उरकण्यासारखी नाही, आणि आता ती आठवणारं आमच्या गल्लीत माझ्याशिवाय कोणी उरलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

तुमच्या आजोबांच्या मावसभावाइतका हट्टी माणूस भीमेच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नसेल. मी त्यांना भावजी म्हणते. जन्मभर त्यांनी मोटारी दुरुस्त केल्या आणि निवृत्त झाल्यावर उरलेलं जग दुरुस्त करायला घेतलं. घरात नवा मिक्सर आला की तो वापरण्याआधी उघडायचा, हा त्यांचा नियम. "आत काय आहे ते बघितल्याशिवाय विश्वास कसा ठेवायचा, वहिनी?" जेवताना रस्त्यावरून रिक्षा गेली तर घास हातात धरून तिचा आजार सांगायचे. सख्ख्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मांडवामागचा जनरेटर अडखळतोय हे त्यांच्या कानांनी टिपलं. भावजी अक्षता मुठीत घेऊनच तिकडे गेले. नवरा-नवरीच्या वाट्याच्या त्या अक्षता जनरेटरवर पडल्या. संसार दोन्ही चांगले चालले.

त्यांची थोरली बहीण, आमच्या आक्का, उजनी धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या गावात दिलेली. सडकेनं वळसा घालून गेलं तर अर्धा दिवस जातो, बोटीनं अर्धा तास. आक्कांना एसटीचा वास आला तरी पोटात ढवळायचं, त्यामुळे बोट हीच त्यांची माहेरची वाट. नागपंचमीला बहिणीला आणायला भावानं मुराळी म्हणून जायचं, ही आपल्याकडची रीत. भावजी अडुसष्टाव्या वर्षीही टोपी घालून मुराळी व्हायचे. पण एका पंचमीला भर पाण्यात इंजिन बंद पडलं. नावाड्यानं दोरी ओढून ओढून हात सुजवून घेतला. इरकल नेसलेल्या आक्का दोन तास भुरभुर पावसात बसून राहिल्या. काठाला लागल्यावर म्हणाल्या, "पुन्यांदा या डबड्यात पाय ठेवणार न्हाय. माहेर झालं माजं. बास."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या ओट्यावर हा ठोकळा घेऊन हजर. "ह्याला काही कळत नाही, वहिनी. गार असो, ऊन असो, हा आपला अंदाजानं पेट्रोल ओततो. वाढणाऱ्यानं जेवणाऱ्याची भूक बघायला नको?" नव्या मोटरसायकलींना इंजेक्शन असतं. हवा किती, इंजिन किती तापलंय, हे सेन्सर सांगतात आणि छोटा कॉम्प्युटर तेवढंच पेट्रोल फवारतो. तेच ह्या इंजिनाला बसवायचं त्यांनी ठरवलं. तुमचे आजोबा तेव्हा होते, ते म्हणाले, "अरे, नवीन इंजिन मिळतं." भावजी म्हणाले, "आक्का ह्या इंजिनावर रुसलीय. ह्यानंच तिची समजूत काढायची."

भंगारातल्या मोटरसायकलीचे पंप, फवारा आणि सेन्सर आले. कॉम्प्युटर पार्सलनं आला, सोबत इंग्रजी पुस्तक. ते माझ्या वाट्याला. तीस वर्षं इंग्रजी शिकवूनही एवढं अवघड गद्य मी वाचलं नव्हतं. मी वही घातली, समास आखला. इंजिनाच्या चाकावर एक दातेरी चकती बसली, तिचा एक दात मुद्दाम गाळलेला. त्या फटीवरून फेरा कुठून सुरू होतो हे कॉम्प्युटरला कळतं. "माझ्यासारखंच," भावजी पुढच्या पडलेल्या दातावर बोट ठेवून म्हणाले, "खिंडीवरून ओळख पटते."

आमच्या अंगणात पिंपात इंजिन बुडवून चाचणी झाली. पहिल्याच झटक्यात सुरू. मग पुढच्या पंचमीला पाच दिवस उरले असताना ते बोटीवर चढवलं. काठावर सुरू झालं, आणि मध्यावर काळा धूर ओकून बंद पडलं. नावाड्यानं वल्हवत परत आणलं. भावजींनी उघडून बघितलं, तर धुराच्या वाटेवर बसवलेला सेन्सर भिजून मेलेला, आणि मरताना पेट्रोल कमी आहे असं खोटं सांगून कॉम्प्युटरला जास्त ओतायला लावून गेलेला. मोटरसायकलीच्या धुरात पाणी नसतं, बोटीच्या असतं. मग पिंपात तो का भिजला नाही? कारण पिंप अर्धंच भरलेलं होतं, पाणी तिथवर पोचलंच नव्हतं. नळाला पाच दिवसांनी पाणी येतं म्हणून मीच हात धरला होता, "भावजी, एवढं पुरे." आमच्या सोलापूरकडच्या माणसाला पाणी कमी पडायची भीती असते, ते जास्त होईल हे त्याच्या मनातच येत नाही.

भावजींनी मला बोल लावला नाही. "पुस्तक काय म्हणतं?" एवढंच विचारलं. पुस्तक म्हणत होतं की त्या सेन्सरशिवायही भागतं, पेट्रोलचं माप आपण आखून द्यायचं. मग चार दिवस आम्ही पाण्यावर. इंजिन पळवायचं, बंद करायचं, प्लग काढून रंग बघायचा. काळा आला तर पेट्रोल कमी करायचं, पांढरा आला तर वाढवायचं. चौथ्या दिवशी वहीत मी लिहिलं: भाजलेल्या भाकरीसारखा.

पंचमीला मी वहीसकट बोटीत होते. आक्का काठी टेकून काठावर उभ्या.

"बस की, आक्का," भावजी म्हणाले.

"आदी बंद कर ते. आता चालू कर."

झालं. तीनदा करायला लावलं, मगच पाय टाकला. अर्ध्या वाटेवर त्यांनी हात वर केला. "हितंच अडकलो हुतो न्हवं? बंद कर."

"आक्का, इथं कशाला?"

"कर म्हनते की."

इंजिन थांबलं. चहूकडे पाणी. भावजींचा हात दोरीकडे गेला, तर म्हणाल्या, "तू न्हाय. तुजा हात बसलाय. वयनीला वडू दे."

मी चष्मा पर्समध्ये ठेवला, वही मांडीखाली घेतली आणि दोरी ओढली. इंजिन लागलं. आक्कांनी पदर सारखा केला. "चल आता. पुरनाची दिंडं गार हुतील."

त्यानंतर तीन पंचम्यांना त्या आल्या. चौथ्या पंचमीआधीच्या थंडीत त्या गेल्या. त्या पंचमीला भावजी टोपी घालून ओट्यावर बसले होते, मी चहा दिला, तो तसाच राहिला. या उन्हाळ्यात ते लेकीकडे राहायला गेले.

ते इंजिन नावाड्याच्या बोटीवर आहे आणि पहिल्या झटक्यात लागतं. वही माझ्या कपाटात आहे. कार्ब्युरेटर या कागदांवर आहे.