सगळ्या गावाला नेस्तोरचे खांदे

टिटा नेनिंग, म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, घाबरली की तिचं तोंड बंद होत नाही. त्या सकाळी ती कॉम्प्युटरची समजूत काढत होती. "बाबा रे, आज नको. लोलो तेबान वारलाय, दुपारी त्याची मुलगी लिगाया मनिलाहून येतेय. तुला रुसायचं तर उद्या रुस." कॉम्प्युटर ढिम्म. पडद्यावर एकच पाटी: जागा शिल्लक नाही.

तिचं बॅनर छापायचं दुकान तळ्याकाठी, चर्चच्या मागं. आमच्याकडे कुणी परीक्षा पास झालं, निवडणुकीला उभं राहिलं किंवा मेलं, की फाटकावर बॅनर लागतोच, आणि बॅनरवरच्या माणसाच्या अंगात बारोंग लागतोच. तो झिरझिरीत, भरतकामाचा सदरा लोक लग्नाला घालतात आणि मग पेटीत ठेवतात. फोटो मात्र आणतात बनियनवरचे. म्हाताऱ्या लोलो तेबानचा फोटो तर झुंजीच्या मैदानातला होता, बगलेत कोंबडा. अशा वेळी टिटा फोटोतलं मुंडकं कापते आणि बारोंगावर बसवते.

तो बारोंग एकच, टिटाच्या नवऱ्याचा, टिटो नेस्तोरचा. लग्न नवं होतं तेव्हा त्यानं दुकानाच्या भिंतीपुढं ताठ उभं राहून फोटो काढून घेतला. टिटानं लगेच त्याचं डोकं उडवलं आणि खांदे ठेवले. नवऱ्याचं डोकं फक्त माझ्यासाठी, असं म्हणायची. पुढं तो मासेमारीच्या बोटीवर गेला. वादळ आलं, बोट आली नाही. तेव्हापासून गावातले सगळे पास झालेले, निवडून आलेले आणि मेलेले टिटो नेस्तोरच्याच खांद्यांवर डोकं ठेवून आहेत. कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

हे खांदे टिटानं साध्या फोल्डरमध्ये ठेवले नव्हते. दुकानात भाचे-पुतणे येऊन खेळ खेळतात, अनोळखी फोल्डर दिसलं की पुसतात. म्हणून तिनं ते चित्रांच्या सॉफ्टवेअरच्या पोटातच दडवले, जिथं विटा, गवत, पाणी असले तयार नमुने असतात तिथं. त्या सॉफ्टवेअरचं महिन्याचं भाडं भरलं की दरवर्षी नवी आवृत्ती येते. जुनी जात नाही, शेजारी बसून राहते. नवी येताना विचारते, जुनीतलं सामान आणू का? टिटा दरवेळी नको म्हणायची. हलवाहलवीत नेस्तोर हरवला तर? त्यामुळे खांदे सगळ्यात जुन्या आवृत्तीत राहिले. बारोंग लागला की ती उघडायची, खांदे घ्यायचे आणि बाकीचं काम नवीत करायचं.

शेजारच्या इंटरनेटवाल्या कुया बर्तिंगला, म्हणजे बर्तिंगदादाला, बोलावलं. कुया बोलतो तेव्हा प्रत्येक वाक्य आधी तोंडात घोळवतो, जसा काही आंब्याची कोय चोखतोय. "हे बघ, नेनिंग. जुन्या आवृत्त्या म्हणजे फुकटे पाहुणे. खोली अडवून बसलेत. त्यातला म्हातारा आधी हाकल."

टिटानं विचारलं, आतलं सामान जाणार नाही ना. कुया म्हणाला, मेमरी वेगळी, सॉफ्टवेअर वेगळं. हे वाक्य तो सगळ्यांना सांगतो, त्याचा अर्थ आजवर कुणी विचारलेला नाही. तिनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि बटण दाबलं. पडद्यानं विचारलं, या आवृत्तीच्या सेटिंग्ज ठेवायच्या की काढायच्या? टिटाला वाटलं, सेटिंग्ज म्हणजे कागदाचं माप, पट्टी, असलं काहीतरी. कुया म्हणाला, काढ, मुळापासून साफ. तिनं काढलं.

निळी पट्टी सरकत सरकत भरली. जागा झाली. नवी आवृत्ती झटक्यात उघडली. टिटा हसली, आणि हसतानाच तिला आठवलं की बारोंग जिथून घ्यायचा ती आवृत्तीच आता नाही. तिनं नव्या आवृत्तीचे नमुने उघडले. विटा. गवत. पाणी. खाली सरकवलं. पुन्हा विटा.

ती बोलायची थांबली, तेव्हा मला खरी भीती वाटली. कुयानं कचऱ्याची टोपली उघडली, रिकामी. मग त्यानं शोधाशोध केली, आणि त्याचा आवाज इतका बारीक झाला की कोय गिळली वाटावं. छापून झाल्यावर फाइल पुसायची, ही टिटाची जागा वाचवायची सवय, त्यामुळे जुनं कामही काही उरलं नव्हतं.

"मी त्याला माझ्या हातानं काढलं," टिटा म्हणाली. एवढंच. बोटं माऊसवरून उचलायचं तिच्या लक्षात येत नव्हतं.

मी खिडकीतून बाहेर बघत होते, कारण तिच्याकडं बघवत नव्हतं. समोर आमच्या कप्तान रुफोंचं, म्हणजे गावच्या सरपंचांचं, फाटक. निवडणूक होऊन गेली तरी त्यांनी आपला बॅनर उतरवलेला नाही. माणसापेक्षा मोठा फोटो. डोकं त्यांचं. खाली टिटो नेस्तोर.

मी आणि कुयानं बॅनर सोडवायला घेतला तसे कप्तान चड्डीवर धावत आले. "कोण पडलं? मी पडलो का? मला कुणी सांगितलं कसं नाही?" त्यांना समजावेपर्यंत आम्ही बॅनर दुकानाच्या फरशीवर पसरला होता. मी टेबलावर चढून फोटो काढला. टिटानं तो पडद्यावर घेतला आणि कप्तानांच्या देखत त्यांचा गळा कापायला सुरुवात केली. कप्तान स्वतःची मान चोळत उभे होते. जरा हळू, म्हणाले.

उन्हानं भरतकाम पिवळं पडलं होतं. कॉलरच्या आतला गळा कप्तानांचा जाडा होता, तो टिटानं पुसला. मूळचा, नेस्तोरचा, तिला आठवून रंगवावा लागला. तीनदा रंगवला, दोनदा खोडला. मग खांदे आधी साध्या फोल्डरमध्ये ठेवले, माझ्या फोनवर ठेवले, कुयाच्या फोनवर ठेवले, कप्तानांच्या फोनवरसुद्धा. मगच त्यावर लोलो तेबान बसवला.

लिगाया आली तेव्हा बॅनर घरापुढं बांधून होत होता. ती बॅग खाली न ठेवता बघत राहिली. टिटा माझ्या दंडाला इतकी घट्ट धरून उभी होती की नखं रुतली.

"बाबा एवढे रुंद नव्हते," लिगाया म्हणाली.

"नव्हते," टिटा म्हणाली. "उतरवू का?"

लिगायानं बॅनरच्या खांद्यावरची सुरकुती तळहातानं सपाट केली. "नको. चांगले दिसतायत."

टिटानं माझा दंड सोडला आणि खालची दोरी बांधायला वाकली. गाठ तिला काही केल्या बसेना, म्हणून ती मी मारली.