गच्चीवरच्या दोन गाद्या

दोन दिवस ढेकणांच्या फवारणीचे दर विचारतोय. एका खोलीचा दर वेगळा, घराचा वेगळा, आणि गरम वाफेचा तर ऐकूनच अंगाला खाज सुटते. सगळ्यांत स्वस्त म्हणजे मजल्यावरच्या चारही घरांनी एकदम फवारून घेणं. पण मग शेजारी जाऊन सांगायला हवं, की आमच्याकडे ढेकूण झालेत.

आज गादी घेऊन गच्चीवर गेलो, तर शेजारच्या वहिनी त्यांची गादी उन्हात टाकत होत्या.

“ऊन छान आहे, म्हटलं टाकावी,” त्या मनगट खाजवत म्हणाल्या.

“मीही तेच म्हटलं,” मी मान खाजवत म्हणालो.

चौघांत विभागली तर लाजही स्वस्त पडेल, असं मनात येत राहिलं. पण माझी गादी मी त्यांच्या गादीपासून हातभर लांब सरकवली. वळून पाहिलं, तर त्याही आपली सरकवत होत्या.